चतुर, टाचणी आणि मधले काही जण : एक प्रस्तावना

पंख पसरून बसला तर चतुर, मिटून बसली तर टाचणी. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सूत्र सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. भाद्रपदात एखाद्या तळ्याच्या काठाला उभं राहिलं तर बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. मग केव्हातरी गवताच्या काडीला एक सडपातळ, तपकिरी कीटक अर्धवट उघड्या पंखांनी लटकलेला दिसतो. शरीर टाचणीचं आणि बसण्याची ढब चतुराची. लेस्टिडी कुलातल्या या कीटकांना पंख मिटायची सवय नाही, तरीही त्या टाचण्याच आहेत. हे कळल्यावर नवख्याला वाटतं की सूत्र चुकीचं होतं. ते चुकीचं नव्हतं. त्याच्यावर जेवढं ओझं पेलवेल त्याहून जास्त टाकलं गेलं, एवढंच.

ओळखण्याची खूण आणि दोघांमधला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रस्तावनेत मला प्रामुख्याने सांगायचं आहे. खूण आपल्या सोयीसाठी असते. काठावरून, दुर्बिणीतून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चटकन निर्णय घेता यावा म्हणून आपण ती निवडतो. फरक मात्र त्यांच्या जगण्यात असतो : शिकार कशी करायची, पाण्यात श्वास कसा घ्यायचा, मादीला कुठे धरायचं, अंडी कुठे ठेवायची. खुणा पाठ करून नावं सांगता येतात. फरक समजून घेतला की एखादी खूण कुठे फसेल तेही आधीच कळू लागतं, आणि या कीटकांच्या अभ्यासाची गोडी मला तरी इथे वाटते.

दोघांचा गण एकच, ओडोनाटा. लिनियसने १७५८ साली त्याला माहीत असलेले सगळे चतुर आणि सगळ्या टाचण्या ‘लिबेल्युला’ या एकाच प्रजातीत घातल्या होत्या. त्याचा डॅनिश शिष्य योहान ख्रिश्चन फाब्रिसियस याने १७९३ साली त्यांचा वेगळा गण केला, तो त्यांच्या दातेरी जबड्यांवरून. पंख इतके देखणे असताना त्याने तोंड उघडून पाहिलं, याचं मला कौतुक वाटतं. आज जगभरात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि चतुर व टाचण्या त्यात जवळपास निम्म्या-निम्म्या आहेत. भारतात सुमारे पाचशे जाती, महाराष्ट्रात सव्वाशेहून अधिक. पक्ष्यांच्या मानाने ही संख्या आटोक्यातली आहे. चिकाटीने फिरणाऱ्या माणसाला आपल्या तालुक्यातल्या बहुतेक जाती दोन-तीन पावसाळ्यांत ओळखीच्या होऊ शकतात. फुलपाखरांचं आकर्षण थोडं बाजूला ठेवता आलं पाहिजे, ही मात्र अट.

सुरुवात डोक्यापासून करावी, कारण बसण्याच्या ढबीपेक्षा डोळे अधिक भरवशाचे. टाचणीचं डोकं आडवं, रुंद असतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन डोळे. डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याच्या रुंदीपेक्षा जास्त भरतं. चतुराचे डोळे प्रचंड असतात आणि बहुतेक कुलांत ते डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. मोठ्या चतुराच्या एका डोळ्यात तीस हजारांच्या घरात सूक्ष्म भिंगं असू शकतात. इथेही अपवाद आहे. गोम्फिडी कुलातल्या चतुरांचे डोळे एकमेकांपासून सुटे असतात. आपल्याकडे तलावाच्या काठच्या वाळक्या फांदीच्या अगदी शेंड्यावर बसणारा काळा-पिवळा इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स हा त्यातलाच. पण त्या दोन डोळ्यांमधली फट अरुंद असते, टाचणीइतकी ती कधीच रुंदावत नाही.

डोळ्यांतला हा फरक शिकारीच्या पद्धतीशी जोडलेला आहे. चतुर मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडतं भक्ष्य हेरतो आणि हवेतच पकडतो. त्यासाठी वर आणि समोर एकसंध नजर हवी. भक्ष्य जिथे आहे तिकडे तो झेपावत नाही, जिथे ते पोहोचणार आहे तिथे तो जातो. फांदीवर बसून शिकार करणाऱ्या चतुरांच्या बाबतीत शंभरातल्या नव्वदहून अधिक झडपा यशस्वी होतात असं मोजमापातून दिसलं आहे. वाघ-सिंहांना हा आकडा स्वप्नातही गाठता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करतानाही चतुर आपली वाट अशी आखतो की समोरच्याला तो एकाच जागी स्थिर असल्याचा भास व्हावा. २००३ साली ऑस्ट्रेलियात मिझुतानी, चाल आणि मंड्यम श्रीनिवासन यांनी हे दाखवून दिलं. टाचणीचं काम वेगळं. ती गवतातून, लव्हाळ्यातून, पानांच्या दाटीतून संथपणे फिरते आणि पानावर बसलेला मावा, छोटी माशी, कधी दुसरी टाचणी अलगद उचलते. तिला दोन्ही बाजूंचं अंतर अचूक कळायला हवं, म्हणून डोळे दोन टोकांना.

पंखांकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येईल. टाचणीचे पुढचे-मागचे पंख साधारण एकाच आकाराचे आणि बुडाशी निमुळते असतात. चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद होतो, आणि या रुंद भागामुळे त्याला हवेवर तरंगता येतं. घरमाशीसारख्या बहुतेक उडणाऱ्या कीटकांत स्नायू छातीची पेटी आकुंचन-प्रसरण पावायला लावतात आणि पंख त्या ओघात हलतात. ओडोनाटांमध्ये स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात, म्हणून चारही पंख वेगवेगळे चालवता येतात. जागच्या जागी थांबणं, मागे सरकणं, गिरकी घेणं ही कसरत त्यातून येते. पंखाच्या टोकाजवळचा गडद ठिपकाही नुसता शोभेचा नाही. त्याच्या वजनामुळे वेगात जाताना पंख फडफडून बेताल होत नाहीत. पाय मात्र चालण्यासाठी निरुपयोगी. छाती मागे कललेली असल्याने सहाही पाय पुढे, तोंडाजवळ येतात, आणि काटेरी पायांत भक्ष्य अडकवायचं हेच त्यांचं मुख्य काम. चतुराला किंवा टाचणीला फांदीवरून रमतगमत चालत जाताना तुम्ही पाहणार नाही.

‘टाचणी म्हणजे लहान, चतुर म्हणजे मोठा’ हे दुसरं लोकप्रिय सूत्र. आपल्या भागात ते बरंचसं चालतं. भाताच्या खाचरांतली अ‍ॅग्रिऑक्नेमिस ही टाचणी जेमतेम दोन सेंटिमीटर लांब भरते, जवळ बसूनही ती नजरेतून निसटते. पण आज हयात असलेल्या ओडोनाटांत पंखांचा सर्वात मोठा विस्तार आहे तो मध्य अमेरिकेतल्या एका टाचणीचा. मेगॅलोप्रेपस सेरुलेटस हे तिचं नाव आणि पंखांचा पल्ला सुमारे १९ सेंटिमीटर. ती जाळ्यात बसलेले कोळी उचलते आणि झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात अंडी घालते. फ्रान्समधल्या कोळशाच्या थरांत सापडलेला, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, साठ-सत्तर सेंटिमीटर पंखपल्ल्याचा मेगान्यूरा लोकप्रिय पुस्तकांत ‘राक्षसी चतुर’ म्हणून येतो. खरं तर तो चतुर नव्हे आणि टाचणीही नव्हे. आजच्या ओडोनाटांच्या पंखावर मध्यावर दिसणारा सांधा आणि टोकाचा ठिपका दोन्ही त्याला नव्हते. तो एका नामशेष झालेल्या भावकीतला.

उडणाऱ्या कीटकावरच नजर खिळते, त्यामुळे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या लक्षातच येत नाही. बहुतेक जातींचा जास्त काळ पाण्याखाली जातो आणि हवेतलं आयुष्य त्यामानाने काही आठवड्यांचं असतं. फुलपाखरासारखी कोषाची अवस्था यांच्यात नाही. पाण्यातलं पिल्लू, म्हणजे डिंभ, कात टाकत टाकत वाढतं आणि शेवटची कात पाण्याबाहेर येऊन टाकतं. चतुर आणि टाचणी यांच्यातला माझ्या मते सर्वात नि:संदिग्ध फरक इथे, चिखलात आहे. टाचणीचं पिल्लू बारीक असतं आणि त्याच्या शेपटाशी तीन पानांसारखे कल्ले असतात. त्यातून ते प्राणवायू घेतं, आणि ते हलवत नागमोडी पोहतंही. शत्रूने कल्ला पकडला तर तो तोडून टाकून ते पळ काढतं, नंतर नवा कल्ला उगवतो. त्यामुळे दोनच कल्ल्यांचं पिल्लू सापडलं तर गोंधळून जाऊ नये. चतुराच्या पिल्लाला बाहेर कल्ले दिसतच नाहीत. ते गुदमार्गाच्या आत असतात. पिल्लू पाणी आत ओढतं, त्यातला प्राणवायू घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. हेच पाणी जोराने फेकलं की ते झटक्यात पुढे जातं. श्वास आणि पळ, दोन्हीची सोय एकाच इंद्रियाने झाली. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन त्यात असं पिल्लू सोडलं आणि मागच्या बाजूला शाईचा एक थेंब टाकला, की हा झोत डोळ्यांना दिसतो. शाळेतल्या मुलांसाठी याहून सोपा आणि खात्रीचा प्रयोग मला माहीत नाही.

दोघांच्या पिल्लांत एक गोष्ट मात्र अगदी सारखी. खालचा ओठ लांब, सांध्यात दुमडणारा आणि टोकाला आकडे असलेला असतो, आणि कोपरात मिटलेल्या हातासारखा तो तोंडाखाली घडी होऊन राहतो. भक्ष्य टप्प्यात आलं की सेकंदाच्या काही शतांशांत तो पुढे फेकला जातो. डासांच्या अळ्या, इतर कीटकांची पिल्लं, बेडकाची पिल्लं, मोठ्या जातींत लहान मासेसुद्धा त्याला बळी पडतात. ‘चतुर डास खातात’ हे वाक्य आपण सैलपणे वापरतो, पण त्यामागे एक नीट केलेला प्रयोग आहे. म्यानमारमधल्या यांगून शहरात घरोघरच्या पाण्याच्या साठ्यांत, रहिवाशांच्या मदतीने, क्रोकोथेमिस सर्विलिया या चतुराची पिल्लं सोडण्यात आली आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची संख्या खाली आली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात फिलिप कॉर्बेट हे या विषयातले थोर अभ्यासक सहभागी होते. लालबुंद नराचा हाच चतुर आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक तळ्यावर दिसतो. म्हणून उद्यापासून प्रत्येक पिंपात चतुर सोडा असा अर्थ कुणी काढू नये. पिल्लं मिळवणं, वाढवणं आणि वेळोवेळी नवी सोडणं हे कष्टाचं काम आहे.

आता मीलनाबद्दल. जुन्या मराठी निसर्गलेखनात हा भाग थोडा संकोचाने उरकला जाई, पण या गणात तो टाळून चालत नाही, कारण जाती ओळखण्याच्या बऱ्याच खात्रीच्या खुणा तिथेच आहेत. नराच्या शुक्रपेशी बाहेर पडण्याचं द्वार पोटाच्या नवव्या खंडावर असतं, आणि मादीकडे त्या पोहोचवणारं इंद्रिय दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली, छातीजवळ. मीलनाआधी नराला पोट वळवून स्वतःच स्वतःकडे माल पोहोचवावा लागतो. मग तो शेपटाच्या चिमट्याने मादीला पकडतो, आणि ती आपलं पोट पुढे वळवून त्याच्या दुसऱ्या खंडाशी जोडते. बदामाच्या आकाराची ती जोडी यातून तयार होते. प्राणिसृष्टीत इतकी आडवळणाची व्यवस्था क्वचितच सापडेल. चिमट्यांत फरक आहे. चतुराच्या नराला वर दोन आणि खाली एक असे तीन अवयव असतात आणि तो मादीचं डोकं पकडतो. टाचणीच्या नराला वर दोन, खाली दोन असे चार, आणि तो मादीला मानेमागे, छातीच्या पहिल्या खंडावर धरतो. चिमट्याचे दाते आणि मादीच्या त्या भागाचा आकार जातीजातीत वेगळा असतो. रंगाने सारख्याच वाटणाऱ्या दोन निळ्या टाचण्या वेगळ्या करायच्या असतील तर हस्तभिंगाखाली हेच अवयव पाहावे लागतात.

मीलनानंतरही बरेच नर मादीला सोडत नाहीत. अंडी घालून होईपर्यंत ते तिला धरून ठेवतात किंवा वर घिरट्या घालत पहारा देतात. याला जिव्हाळा समजण्याचा मोह होतो. १९७९ साली जोनाथन वाग या अमेरिकी संशोधकाने कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीवर काम करून दाखवलं की नराचं इंद्रिय दुहेरी कामाचं असतं. स्वतःचे शुक्राणू देण्याआधी तो मादीच्या शरीरातले आधीच्या नराचे शुक्राणू जवळजवळ सगळे खरवडून काढतो. मग पहाऱ्याचा अर्थ लागतो : जे आपण दुसऱ्याचं केलं ते दुसऱ्याने आपलं करू नये. कीटकांच्या वर्तनाच्या अभ्यासाला या एका लेखाने वेगळी दिशा दिली, आणि लेखाची नायिका एक टाचणी होती. नवख्यांचं लक्ष टाचण्यांकडे कमी असतं म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

अंडी घालण्यात टाचण्या एकजुटीच्या. साऱ्या टाचण्यांच्या मादीला धारदार अंडनिक्षेपक असतो आणि ती वनस्पतीच्या देठात, पानात किंवा भिजलेल्या लाकडात भोक पाडून अंडी खोचते. काही जाती त्यासाठी पूर्ण पाण्याखाली उतरतात. चतुरांमध्ये दोन तऱ्हा आहेत. एश्निडी कुलातले मोठे चतुर टाचण्यांप्रमाणेच अंडी खोचतात, तर लिबेल्युलिडी कुलातल्या मादीला तसं अवजार नाही. ती पाण्याच्या पृष्ठभागावर शेपूट टेकवत टेकवत अंडी सोडते. पाणी शोधण्याची त्यांची एक खूण म्हणजे पृष्ठभागावरून परावर्तित होणारा, आडव्या दिशेने ध्रुवित झालेला प्रकाश. मोटारीचं चकचकीत बॉनेटही असाच प्रकाश फेकतं. पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर शेपूट आपटणारी मादी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, ती बिचारी तिथे अंडी घालत असते. हंगेरीतल्या एका दफनभूमीत काळ्या, घासून गुळगुळीत केलेल्या थडग्यांवर चतुर का घुटमळतात याचा गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा कारण हेच निघालं.

आता शीर्षकातल्या ‘मधल्यां’कडे येऊ. १९१८ साली दार्जिलिंग भागातल्या एका डोंगरी ओढ्यात एक विचित्र डिंभ सापडला आणि १९२१ साली आर. जे. टिलयार्ड यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे या कीटकाला एपिओफ्लेबिया लेडलॉवी हे नाव रूढ झालं. त्याचा उडणारा प्रौढ शास्त्रज्ञांच्या हाती लागायला आणखी चाळीसएक वर्षं जावी लागली. शरीर चतुरासारखं दणकट. पंख टाचणीसारखे बुडाशी निमुळते, आणि बसताना मिटलेले. डोळे सुटे. थंड, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात त्याचं पिल्लू पाच ते नऊ वर्षं वाढत राहतं. अशा जाती जगात मोजक्याच आहेत : एक हिमालयात, एक जपानात, आणि चीनमधून अलीकडे नोंदलेली. बराच काळ या कीटकाला चतुर आणि टाचणी यांना जोडणारा दुवा समजलं गेलं. डीएनएच्या अभ्यासाने चित्र थोडं बदललं. तो टाचण्यांपासून अलग झालेल्या शाखेवर आहे आणि चतुरांचा जवळचा नातलग आहे. म्हणजे त्याचं टाचणीसारखं दिसणं हा बहुधा जुन्या पूर्वजांचा वारसा, आणि आज आपण ज्याला ‘चतुरपणा’ म्हणतो तो नंतर घडत गेला. पंख मिटून बसणाऱ्यांत चतुराचा सख्खा निघावा आणि अर्धे उघडे ठेवणाऱ्यांत टाचणी निघावी, यातून पहिल्या सूत्राची मर्यादा पुरेशी स्पष्ट व्हावी.

भारतात हा अभ्यास ज्याने उभा केला तो माणूस व्यवसायाने कीटकशास्त्रज्ञ नव्हता. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. नोकरीच्या निमित्ताने देशभर फिरताना त्यांनी चतुर-टाचण्या गोळा केल्या, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर दीर्घ लेखमाला लिहिली आणि १९३३, १९३४ व १९३६ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत तीन खंड प्रसिद्ध केले. जवळपास शतक उलटत आलं तरी हे खंड बाजूला ठेवून कुणाला काम करता येत नाही. त्यांची भाषा मात्र रुक्ष आहे, आणि वर्णनं टाचून ठेवलेल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवरून केलेली असल्याने कधीकधी जिवंत कीटकाशी जुळत नाहीत. ही उणीव के. ए. सुब्रमणियन यांच्या द्वीपकल्पीय भारतावरच्या मार्गदर्शिकेने बऱ्याच अंशी भरून काढली. इंटरनेटवर मोफत मिळालेल्या त्या पुस्तकाने कॅमेरा हातात असलेली एक अख्खी पिढी या विषयाकडे वळवली. पुण्या-मुंबईतले आणि कोकणातले कितीतरी हौशी अभ्यासक त्या पिढीतले.

त्यांच्या फिरण्याचं फळ अलीकडे दिसू लागलं आहे. सिंधुदुर्गातून २०१९ साली सेरिआग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही नवी टाचणी, साताऱ्याच्या ठोसेघरच्या नावाने २०२१ साली युफिया ठोसेघरेन्सिस ही दुसरी, आणि २०२२ साली आंबोलीजवळच्या चौकुळवरून बर्मागोम्फस चौकुळेन्सिस हा नवा चतुर वर्णिला गेला. सह्याद्रीत इतकी वर्षं माणसं हिंडत असताना या जाती सुटल्या कशा, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. यांतल्या बऱ्याच जाती वर्षातून थोडेच दिवस, ठरावीक ओढ्यावर किंवा सड्यावर, आणि तेही धो-धो पावसाच्या आसपास उडतात. त्या दिवसांत शहाणा माणूस घरात बसतो.

पण या विषयासाठी आंबोली गाठण्याची गरज नाही. शहरातल्या सांडपाण्याच्या नाल्यावर नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा हमखास भेटतो. तोच एकटा उरला असेल तर पाण्याच्या अवस्थेबद्दल वेगळा अहवाल मागवायला नको. इमारतीच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पंख चपटे टेकवून, सिमेंटच्या रंगात मिसळून गेलेला ब्रॅडिनोपिगा जेमिनाटा बसलेला असतो. मुळात तो कातळावरच्या डबक्यांतला, पण पाण्याच्या उघड्या टाक्या त्याला तितक्याच मानवल्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास थोलिमिस टिलार्गा बाहेर पडतो. आणि सह्याद्रीच्या सावलीतल्या स्वच्छ ओढ्यावर न्यूरोबेसिस चायनेन्सिस या टाचणीचा नर मागचे पंख उघडतो तेव्हा धातूसारखा हिरवा रंग क्षणभर चमकतो, आणि टाचण्या दिसायला साध्या असतात हे तिसरं सूत्रही निकालात निघतं.

पावसाळा संपता संपता माळावर, क्रिकेटच्या मैदानावर, हमरस्त्यावर शेकड्यांनी घिरट्या घालणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स. कुठेही न टेकता तासन्‌तास उडत राहण्याची त्याची सवय चटकन लक्षात येते. मागच्या पंखाच्या रुंद बुडाचा फायदा पाहायचा तर या चतुरात पाहावा. २००९ साली चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या आपल्या नोंदींवरून मांडलं की ऑक्टोबरपासून हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, वरच्या थरातल्या अनुकूल वाऱ्यांवर स्वार होऊन. तिकडच्या पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत पुढची पिढी दीड-दोन महिन्यांत तयार होते, आणि काही पिढ्यांनंतर त्यांची संतती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येते. मालदीवमधल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचा नंतर अभ्यास झाला, आणि ते उत्तर भारत किंवा त्याहीपलीकडून आलेले असावेत असं दिसलं. एकही टाचणी असा प्रवास करत असल्याचं ज्ञात नाही. लहान टाचण्या वाऱ्याबरोबर दूरच्या बेटांवर पोहोचतात, पण ते वाहत जाणं झालं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीन-चार गोष्टी सांगेन. रंगावर लगेच विश्वास ठेवू नये. नुकताच पाण्याबाहेर आलेला कीटक फिका असतो, क्रोकोथेमिसची मादी आणि कोवळा नर दोघे पिवळे दिसतात, ऑर्थेट्रमच्या काही जातींत नराच्या अंगावर वयानुसार निळसर पांढरी पूड चढते. इश्नुरा प्रजातीतल्या टाचण्यांत काही माद्या हुबेहूब नरासारख्या रंगाच्या असतात, त्यामुळे नरांचा त्रास टळतो असा एक तर्क आहे. फोटो एक घेऊन थांबू नये. वरून एक, बाजूने एक, आणि शेपटाच्या टोकाचा एक, असे तीन हवेत. जागा, पाणी वाहतं की साचलेलं, आणि वेळ हे तिथेच लिहून ठेवावं. नाव लागलं नाही तर ‘ओळख पटली नाही’ एवढं लिहिणं पुरे, ओढूनताणून नाव लावलेली नोंद नंतर सगळ्यांना ताप देते. शेपटाला दोरा बांधून चतुर उडवण्याचा जुना खेळ मुलांना कौतुकाने शिकवू नये, हे सांगायची आता गरज नसावी.

धोक्यांबद्दल थोडक्यात. २०२१ साली जगातल्या सहा हजारांहून अधिक जातींचं मूल्यमापन पहिल्यांदा पूर्ण झालं, आणि सुमारे सोळा टक्के जाती संकटात असल्याचं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जाहीर केलं. आपल्याकडे काळजी वाटते ती कोकणातल्या सड्यांची आणि काँक्रीटने बांधून काढलेल्या नदीकाठांची. काठाला गवत नाही तिथे टाचणीला अंडी खोचायला देठ मिळत नाही. पँटालासारखा भटका दुसरं डबकं शोधतो, ठोसेघरच्या धबधब्याखालची युफिया कुठे जाईल?

सर्वात मोठं काम मात्र पाण्याखाली शिल्लक आहे. भारतातल्या मोजक्याच जातींच्या डिंभांची नीट वर्णनं झाली आहेत, बाकीच्यांत पिल्लू कुणाचं हे सांगता येत नाही. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेची बरणी किंवा छोटी टाकी, तळाशी ओढ्यातली वाळू, खायला डासांच्या अळ्या, आणि एका टाकीत एकच पिल्लू, कारण ती एकमेकांना खातात. पिल्लाचे फोटो आधी घ्यावेत, मग वाट पाहावी. प्रौढ बाहेर आला की मागे राहिलेली कात जपून ठेवावी, कारण तिच्यात डिंभाची प्रत्येक खूण शाबूत असते आणि नाव आता खात्रीने माहीत असतं. टाकीत एक खडबडीत काडी तिरकी रोवावी. टाचणीला पाण्याबाहेर चार बोटं काडी पुरते, चतुरासाठी ती वीतभर तरी हवी, नाहीतर पंख उलगडायला जागा न मिळून ते चुरगळलेलेच वाळतात.